नववीत आलेली मुले बारावीपर्यंत कुठे पोहोचतात?

मुंबई महानगरपालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल २०१९ साली सुमारे ५३ टक्के लागला आणि पुढच्याच वर्षी तो ९३ टक्क्यांच्या पुढे गेला. त्या वर्षभरात शिक्षक बदलले नव्हते, इमारती त्याच होत्या, मुलेही त्याच वस्त्यांमधून येत होती. बदलली होती ती गुणांची विभागणी. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकून संपूर्ण लेखी परीक्षा घेण्यात आली होती, आणि राज्याचाही निकाल त्या वर्षी ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मग ८०-२० ची पद्धत परत आणली गेली. शिवाय २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, आणि राज्याचा निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही; नववीचे गुण आणि दहावीचे शाळेतले मूल्यमापन धरून ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण ठरली. २०२२ साली अभ्यासक्रम कमी होता आणि परीक्षा ज्या त्या शाळेतच झाली.

हे आकडे एकापुढे एक मांडण्याचे कारण असे की, दरवर्षी निकालाच्या दिवशी महापालिकेच्या शाळा ‘सुधारल्या’ की ‘घसरल्या’ याचा निवाडा या एका टक्केवारीवर केला जातो, आणि तो निवाडा त्या शाळांना आणि त्यांत शिकणाऱ्या मुलांना न्याय देत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी पूर्व उपनगरातल्या अशाच एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत निवृत्त झाले. आमच्या मुलांबद्दल जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे निकालपत्रकाच्या शेवटच्या ओळीवरून बोलले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०१९ च्या घसरणीतली एक गोष्ट मात्र खरोखर विचार करण्यासारखी आहे. राज्याचा निकाल बारा टक्क्यांनी घसरला, तर महापालिकेच्या शाळांचा सुमारे वीस टक्क्यांनी. याचा अर्थ आमची बरीच मुले उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी लगत उभी असतात. पद्धतीत थोडा फरक पडला की त्यातली शेकडो मुले रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातात. अंतर्गत गुण म्हणजे खैरात, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तोंडी परीक्षेत मी अशा मुली पाहिल्या आहेत की ज्या धड्यातला प्रसंग न अडखळता, स्वतःच्या शब्दांत, कार्यकारण लावून सांगत आणि त्याच प्रसंगावर आठ ओळी लिहायला बसवले की तिसऱ्या ओळीत थांबत. त्यांना विषय समजलेला असतो. लिहिण्याचा सराव नसतो, कारण घरी वही ठेवायला सपाट जागा नसते आणि प्राथमिकच्या वर्षांत त्यांच्याकडून सलग लेखन फारसे करून घेतलेले नसते. ते वीस गुण प्रामाणिकपणे दिले तर या समजुतीची कुठेतरी नोंद होते. ते सरसकट दिले गेले तर मात्र नोंदच पुसली जाते, आणि मग ५३ आणि ९३ या दोन आकड्यांमधले खरे काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

टक्केवारीतला दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. टक्केवारी काढताना छेदस्थानी असतात परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी. जी मुले तिथवर पोहोचलीच नाहीत, ती त्या अपूर्णांकात कुठेच नसतात. नववीला नापास करून मुलाला थांबवणे, किंवा ‘याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा’ असे पालकांना समजावणे, हे मुंबईतल्या अनेक शाळांमध्ये वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि शंभर टक्के निकालाचा फलक लावणाऱ्या खासगी शाळाही त्याला अपवाद नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म भरला की मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते आणि त्याचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही. खरोखर नोकरी करणाऱ्या किंवा शाळा सुटलेल्या माणसासाठी ही सोय अमूल्य आहे. चौदा वर्षांच्या, रोज वर्गात येणाऱ्या मुलासाठी ती सोय नव्हे.

शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. प्रत्येक मुलाची एक ओळ: रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची इयत्ता, आणि उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख व कारण. दहावी झालेल्या मुलांच्या ओळीत ते कारण ठरलेल्या शब्दांत असते. पण नववीची पाने उलटली की त्या रकान्यात ‘गावी गेले’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’ असे शब्द दिसू लागतात. निवृत्तीच्या आधी मी एका तुकडीपुरते हे रजिस्टर आणि दहावीची यादी शेजारी ठेवून नावे जुळवत बसले होते. दहावीच्या यादीत नसलेल्या प्रत्येक नावाचा चेहरा मला आठवत होता. त्या वर्षी आमचा निकाल चांगला लागला होता, त्यासाठी शिक्षकांनी खरोखर कष्ट घेतले होते आणि त्याबद्दल आमचे कौतुकही झाले. पण आठवीतून नववीत आलेल्या मुलांच्या संख्येने भागले असते तर तोच निकाल वेगळा दिसला असता.

नववीतच ही गळती का होते, याचे उत्तर मुलांच्या आळसात शोधू नये. नववीत पाऊल टाकताच मुलाच्या पाठीशी असलेल्या तीन गोष्टी एकदम निघून जातात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला आणि पहिली ते आठवीला लागू आहे. त्यापुढे कायद्याचे छत्र नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे ज्या मुलाने जूनपर्यंत शाळेत दुपारचे जेवण घेतले त्याला नववीत तेच जेवण धाकट्या भावंडाच्या ताटात पाहावे लागते. आणि २०१० पासून बरीच वर्षे आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही हे धोरण असल्याने नववीची वार्षिक परीक्षा ही मुलाच्या आयुष्यातली नापास होण्याची पहिलीच खरी शक्यता असे. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, त्यामुळे हा धक्का काही प्रमाणात आधीच बसेल; पण जेवणाचे आणि कायद्याचे काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे. त्याच वयात मुलगा कमावण्याजोगा दिसू लागतो आणि मुलीवर घर सोपवता येईल असे आईला वाटू लागते.

यामागे जुनी रचना आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले, माध्यमिक शिक्षण ऐच्छिक. त्यामुळे प्राथमिक शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या राहिल्या आणि माध्यमिक शाळा त्यांच्या मानाने फार थोड्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून पालिका शिकवते, ही या शहराची मोठी कमाई आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण दक्षिणी भाषांच्या किंवा गुजराती माध्यमाच्या मुलाला आठवीनंतर त्याच भाषेतली माध्यमिक शाळा गाठायला दोन बस बदलाव्या लागतात किंवा माध्यम बदलावे लागते. नववीच्या एका वर्गात मग चार-पाच प्राथमिक शाळांतून आलेली, वेगवेगळ्या तयारीची मुले एकत्र बसतात.

माझ्या विषयातले उदाहरण देते. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात संच, वास्तव संख्या, बहुपदी अशी प्रकरणे एकामागून एक येतात. बहुपदींची वजाबाकी शिकवताना मी फळ्यावर ‘वजा तीन क्ष मधून वजा पाच क्ष वजा करा’ असे लिहिले की वर्गाचा मोठा भाग ‘वजा आठ क्ष’ म्हणत असे. हा बहुपदीचा घोटाळा नव्हे. ऋण संख्यांची वजाबाकी सहावी-सातवीत पक्की झालेली नसते. मग मी बहुपदी बाजूला ठेवून संख्यारेषा काढत असे, दोन तासिका त्यात जात, आणि वार्षिक नियोजनात मी तेवढीच मागे पडत असे. याउलट त्याच पुस्तकात पुढे अर्थनियोजनाचे प्रकरण येते. आयकर, बचत, गुंतवणूक यांवर जी मुले कधी हात वर करत नसत ती प्रश्न विचारीत, कारण घरी भिशी असे, वडिलांनी उचल घेतलेली असे, आणि व्याजाचा हिशेब त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असे. या मुलांना गणित येत नाही असे कुणी म्हटले की मला त्या तासिका आठवतात. त्यांना मधली तीन वर्षे भरून द्यावी लागतात, आणि त्यासाठी नववीचा पहिला सत्रार्ध मोकळा ठेवण्याची मुभा शाळेला हवी. दहावीच्या जानेवारीत जादा तास घेऊन ते काम होत नाही.

जादा तास, सराव प्रश्नपत्रिका, मागच्या वर्षांचे पेपर, डिसेंबरनंतर ‘कच्च्या’ मुलांचा वेगळा गट, हा बहुतेक शाळांचा दहावीचा खरा कार्यक्रम असतो. त्यातून पस्तीस गुणांपर्यंत पोहोचणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्या पस्तीस गुणांना मी कधीच कमी लेखणार नाही. त्या गुणांवर आयटीआयचे दार उघडते. पण सगळे बळ तिकडे गेल्याने साठ गुणांचा मुलगा ऐंशीपर्यंत जाऊ शकला असता, ते राहून जाते. त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण तो उत्तीर्ण होणारच असतो. चित्रकलेच्या शिक्षकांनी या बाबतीत आम्हा सर्वांना मागे टाकले आहे असे मला वाटते. आमचे चित्रकलेचे सर सातवी-आठवीपासून मुले हेरून त्यांच्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा करून घेत. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात वाढीव गुण, ब ला पाच, क ला तीन. गुण थोडे आहेत, पण दोन-तीन वर्षे आधी मूल ओळखायचे आणि त्याला सोडायचे नाही, ही कामाची रीत इतर विषयांत कुठे आढळते?

माध्यमाबद्दल थोडेसेच लिहिते, कारण त्यावर वाद खूप झाले आहेत. मातृभाषेत शिकलेल्या मुलाला विज्ञान चांगले समजते, हे मी वर्गात पाहिले आहे. मात्र अकरावी विज्ञान शाखेत शिरताच पुस्तक, तास आणि प्रश्नपत्रिका सगळेच इंग्रजीत होते, आणि दहावीला विज्ञानात ऐंशी मिळवलेली मुलगी सहामाहीला नापास होते. सेमी इंग्रजीने हा धक्का सौम्य होतो. पण ज्या वर्गांना ती सोय मिळाली नाही त्या मुलांसाठी दहावीची परीक्षा आणि अकरावीचे प्रवेश यांच्यातल्या दोन-तीन महिन्यांत पारिभाषिक शब्दांचा नेटका वर्ग घेता येतो. शाळेची इमारत तेव्हा रिकामीच असते.

दहावीनंतर काय होते, हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. महापालिकेच्या बहुतेक शाळा दहावीला संपतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे, आणि आमच्या मुलांच्या बाबतीत तो टप्पा बरोबर मध्यावर तुटतो. ज्या खासगी शाळेला स्वतःचे कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते तिच्या विद्यार्थ्यांना त्या महाविद्यालयात दहा टक्के इनहाऊस कोटा मिळतो. महापालिकेच्या शाळेला महाविद्यालयच नसेल तर तो कोटा तिच्या मुलांना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. हा अन्याय कुणी जाणूनबुजून केलेला नाही, पण तो दरवर्षी घडतो.

मग मुले ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्यांना सामोरी जातात. अर्जाचा पहिला भाग वैयक्तिक माहितीचा, दुसरा पसंतिक्रमाचा. दुसरा भाग भरताना घरात वडीलधाऱ्यांपैकी कुणी अकरावी पाहिलेली नसते, त्यामुळे सायबर कॅफेतला मुलगा सांगेल ती महाविद्यालये त्याच क्रमाने भरली जातात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर पडावे लागते, हा नियम माहीत नसल्याने गोवंडीतली मुलगी पहिल्या क्रमांकावर तासाभराच्या अंतरावरचे नाव टाकते आणि मग लोकलचा पास, घरची परवानगी, दुपारची बॅच या सगळ्यांत ती दिवाळीपर्यंत टिकत नाही. अशी मुलगी महापालिकेच्या निकालात ‘उत्तीर्ण’ असते आणि तिथेच तिचा हिशेब बंद होतो. दहावीच्या वर्गशिक्षकाला जून-जुलैचे काही दिवस फक्त या अर्जांसाठी मोकळे ठेवले आणि शाळेच्याच संगणक कक्षात अर्ज भरून घेतले, तर यातले निम्मे नुकसान टळेल, असे मी अनुभवावरून म्हणते. प्रत्यक्षात त्या दिवसांत शिक्षकाकडे मतदार यादीचे काम आलेले असते.

आयटीआय आणि पदविकेकडे जाणारी मुले ही ‘अकरावीला न लागलेली’ मुले म्हणून मोजली जाऊ नयेत. कुर्ल्याच्या आणि मुलुंडच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री, फिटर अशा व्यवसायांना लागलेले आमचे विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पगारावर घर चालवताना मी पाहिले आहेत, आणि पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेलेही पाहिले आहेत. शाळेच्या यशाच्या फलकावर नव्वद टक्केवाल्या मुलीशेजारी या मुलांची छायाचित्रे लागली पाहिजेत. ती लागत नाहीत, कारण ती मुले कुठे आहेत याची शाळेकडे नोंदच नसते.

गेल्या काही वर्षांत महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने केंद्रीय मंडळांच्या, पुढे केंब्रिज आणि आयबी मंडळांच्याही शाळा सुरू केल्या. पालकांनी तिथे रांगा लावल्या, सोडत काढून प्रवेश द्यावे लागले. सामान्य घरातल्या मुलाला ते शिक्षण विनामूल्य मिळावे याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी एवढीच की सोडतीत नाव न आलेली मुले ज्या जुन्या राज्य मंडळाच्या शाळांत बसतात, त्यांच्या नववीकडे तितकेच लक्ष जावे.

या सर्वांत एकच योजना अशी आहे की जिच्यामुळे शाळेला मुलाचा माग बारावीपर्यंत ठेवावा लागतो, आणि ती म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, अर्थात एनएमएमएस. आठवीत परीक्षा होते, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे नव्वद-नव्वद गुणांचे दोन पेपर असतात, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे ज्या नववीत जेवण बंद होते त्याच नववीत महिन्याला हजार रुपये सुरू होतात. महाराष्ट्राचा वार्षिक कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शाळांतून दरवर्षी मुले निवडली जातात. तयारी म्हणजे आकृत्यांची, संख्यामालिकांची, सांकेतिक भाषेची रोज अर्ध्या तासाची उजळणी, जी आमच्या मुलांना मनापासून आवडते. या योजनेत दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते आणि अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीला साठ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पंचावन्न. त्यामुळे त्या मुलापुरते तरी शिक्षक सहामाहीलाच विचारपूस करतात. हीच विचारपूस प्रत्येक मुलाची व्हावी, नववीच्या जूनमधली पटसंख्या, दहावीला बसलेली मुले आणि दोन वर्षांनी बारावी, आयटीआय किंवा पदविकेत असलेली मुले असे तीन रकाने प्रत्येक शाळेने दरवर्षी दर्शनी भागात लावावेत, ही माझी शिक्षण विभागाकडे मागणी आहे. त्याला वेगळा निधी लागत नाही. जनरल रजिस्टर आणि वर्गशिक्षकाचा फोन एवढे पुरे.

ज्यांची मुले यंदा आठवीत आहेत त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगते. एनएमएमएससाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि सातवीला किमान पंचावन्न टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास. उत्पन्नाचा दाखला शाळा सुरू होतानाच काढून ठेवावा, कारण अर्जाची मुदत जवळ आली की तहसील कार्यालयात गर्दी होते. आणि मुलगा किंवा मुलगी निवडली गेली तर अकरावीचा पसंतिक्रम भरताना महाविद्यालय अनुदानित आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित महाविद्यालयात प्रवेश घेतला की उरलेल्या दोन वर्षांचे २४,००० रुपये मिळत नाहीत.